शंभर किलोमीटरनंतर

नायोरोत बर्फाआधी बर्फाचे किडे येतात.
पाठीवर कापूस घेऊन उतरत्या उन्हात तरंगतात,
इतके हलके की कोणी नुसता श्वास सोडला
तरी वाट चुकतात.
काल एक माझ्या स्वेटरला चिकटला,
आणि आज सकाळी सातला
कुनिमात्सु-सान दारात. हातात पाना,
गुडघ्याखाली घ्यायला जुन्या गादीचा तुकडा.

"सेन्सेइ, दहा दिवस उरले."

मी शाळेत भूगोल शिकवते, म्हणून सेन्सेइ.
ते एक्याऐंशी वर्षांचे.
मे महिन्यात स्वतःहून पोलीस ठाण्यात जाऊन
लायसन्स परत देऊन आले.
बदल्यात बसचा पास मिळाला.
आमच्या गल्लीत बस दिवसातून तीनदा येते,
त्यातली एक रिकामी.
गाडी पुतण्याने चिबाला नेली,
तिकडे बर्फ पडला तर बातमी होते,
म्हणून हिवाळी चाकं इथेच राहिली.

जॅक लावायच्या आधी नट सैल करायचे.
आठ वर्षांत मला हे पाठ झालंय,
तरी ते सांगतात, तरी मी ऐकते.
पान्यावर पाय देऊन ते उभे राहतात,
कोटासकट अठ्ठेचाळीस किलो.
नट हलत नाही.
मग मी उभी राहते.
कर्रर्र.
आम्ही दोघंही त्याबद्दल बोलत नाही.

उन्हाळ्याची चाकं उतरली.
खाचांत रुतलेले खडे
ते स्क्रूड्रायव्हरने एकेक उकरून काढतात,
मग खडूने लिहितात: पुढचं डावं, मागचं उजवं,
वसंतात गोंधळ नको म्हणून.
वसंताबद्दल इतक्या खात्रीने
या गल्लीत दुसरं कोणी काही लिहीत नाही.

हिवाळ्याची चढली.
आवळायचं ते चांदणी काढतो तसं, पलीकडचा, मग पलीकडचा,
शेजारचा लगेच कधीच नाही,
नाहीतर चाक तिरकं बसतं.
"माणसांचंही तसंच," असं म्हणतील वाटलं.
म्हणाले नाहीत. नाक पुसलं.

मग आपल्या शेडमध्ये गेले
आणि स्वतःची चार चाकं
एकेक घरंगळवत अंगणात आणली.
माझ्या गाडीला पाच नट, त्यांच्या चाकांना चार भोकं.
हे त्यांना माहीत होतं.
पाइपने धुतली. खाचेत अंगठ्याचं नख घालून
खोली पाहिली.
"अजून दोन हिवाळे निघतील."
पुसली, थोडी हवा सोडली,
आडवी एकावर एक रचून
ताडपत्रीखाली परत ठेवली.

शेवटी नेहमीचं वाक्य:
"शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचं."

शाळा चार किलोमीटरवर.
शंभर व्हायला दोन-अडीच आठवडे जातात,
तोवर मी विसरते,
आणि ते फाटकाशी उभे राहून खोकतात.
यंदा म्हटलं, आजच करू. बसा.

तेशिओ नदीच्या काठाकाठाने उत्तरेला,
ओतोइनेप्पुपर्यंत.
ते डावीकडच्या सीटवर, मांडीवर पाना,
आणि प्रत्येक वळणाआधी त्यांचा उजवा पाय
नसलेला ब्रेक दाबत होता.
मीही नेमकी तिथेच दाबत होते.
बिफुकाच्या पुढे काचेवर पहिला कण आला,
मग दुसरा.
दहा दिवसांचं गणित चुकलं.
"लवकर आला," ते म्हणाले,
सुट्टीच्या दिवशी शाळेत आलेल्या पोराबद्दल बोलावं तसं.

परतलो तेव्हा मीटरवर एकशे चार.
दिव्याखाली गादीचा तुकडा टाकून बसले.
वीस नट.
एकोणीस जागचे हलले नाहीत.
विसावा तिळाएवढा फिरला.

त्यांनी मान वर केली, टोपीवर बर्फ,
"पाहिलंत?"